धानाच्या वाफ्यांतून ट्यूबवर

१६ बिंदू आणि ४८ रेघा. प्रत्येक बिंदूतून ६ रेघा निघतात. ग्राफ सिद्धान्ताचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडलं की ही आकृती बहुधा सापडते आणि तिच्याखाली एक मराठी आडनाव असतं. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला आणि शिक्षण नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. भिलाईच्या मराठी माणसाला ही दोन्ही गावं घरचीच. १९५६पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा, सागर आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती आणि आमच्या आजोबांच्या पिढीची कोर्टकचेरी, कॉलेजं, लग्नं सगळी याच पट्ट्यात होत असत. तरी आमच्याकडे गणिताच्या शिक्षकांनाही 'श्रीखंडे ग्राफ' हे नाव फारसं ऐकून माहीत नसतं, याची मला खंत वाटते. म्हणून हा मागोवा.

मागे जात राहिलं की ही वाट शेतात जाते. तेही आमच्या इथल्यासारख्या शेतात.

भिलाईच्या भोवतीची जमीन ज्याने पायाखाली घातली आहे त्याला ठाऊक आहे की एकाच शिवारात चार जाती भेटतात. उंचावर मुरमाड भाठा, त्याखाली पिवळसर मटासी, मग डोरसा आणि खोलगटात काळी कन्हार. अशा जमिनीत धानाच्या १६ वाणांची तुलना करायची असेल तर मोठी पंचाईत होते. एक वाण मटासीवर आणि दुसरा कन्हारवर पडला तर जास्त पिकलं ते वाणामुळे की मातीमुळे, हे कसं सांगणार? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या प्रयोगशेतावर रोनाल्ड फिशर यांनी १९१९पासून या प्रश्नाला हात घातला. एकसारख्या मातीचे छोटे गट पाडायचे, प्रत्येक गटात वाफे आखायचे आणि कुठल्या वाफ्यात कुठला वाण हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. पण १६ वाण मावतील एवढा मोठा एकजिनसी गट मिळतच नाही. मग फिशर यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी १९३६मध्ये एक युक्ती मांडली. १६ वाण ४ × ४ अशा चौकटीत लिहायचे. पहिल्या फेरीत प्रत्येक आडवी ओळ एका गटात लावायची, दुसऱ्या फेरीत प्रत्येक उभी ओळ. ४ वाफ्यांचे ८ गट, एकूण ३२ वाफे, आणि काम होतं.

या मांडणीत प्रत्येक वाणाला ६ सोबती मिळतात, म्हणजे आपल्या आडव्या ओळीतले ३ आणि उभ्या ओळीतले ३. त्यांच्याशी त्याची तुलना एकाच मातीत, थेट होते. उरलेल्या ९ वाणांशी ती मधल्या एखाद्या सोबत्यामार्फत करावी लागते. थेट तुलना किती विश्वासाची, मध्यस्थामार्फतची किती, याचं गणित सोबत्यांच्या या जाळ्यावर अवलंबून असतं. असं जाळं हाच ग्राफ. हे विशिष्ट जाळं बुद्धिबळातल्या हत्तीचं आहे: ४ × ४ च्या पटावर हत्ती एका चालीत जिथे पोचतो, ते घर सोबती.

कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस आणि के. आर. नायर यांनी १९३९मध्ये अशा सगळ्या मांडण्यांना एका छताखाली आणलं. आपल्याकडच्या शेतकी कॉलेजांत ही विद्या घरोघर पोचली ती विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग सुखात्मे या दोन मराठी माणसांच्या १९५४च्या पुस्तकातून. ते पाठ्यपुस्तक पिढ्यान् पिढ्या वापरात राहिलं. श्रीखंडेही सांख्यिकी संस्थेत काम करून पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले आणि १९५०मध्ये बोस यांच्याच हाताखाली डॉक्टरेट झाले. म्हणजे या ग्राफचा जन्म सांख्यिकीच्या घरात झाला. त्याचा पहिला उल्लेखही सांख्यिकीच्याच नियतकालिकात सापडतो, शुद्ध गणिताच्या नव्हे.

श्रीखंडे यांनी विचारलेला प्रश्न ऐकायला साधा आहे. येट्स यांच्या चौकटीचे फक्त आकडे घ्या. बिंदू १६, प्रत्येकाचे सोबती ६, कुठल्याही दोन सोबत्यांचे सामाईक सोबती २, सोबती नसलेल्या कुठल्याही दोघांचेही सामाईक सोबती २. एवढं सांगून चौकट लपवली, तर या आकड्यांवरून तीच चौकट परत उभी राहते का? की हेच आकडे पाळणारी दुसरीही रचना असू शकते? चौकटीची बाजू ४ऐवजी कितीही धरली तरी हाच प्रश्न पडतो.

१९५९मध्ये त्यांनी उत्तर छापलं. बाजू ३ असो, ५ असो, ५०० असो, आकडे चौकटीला नेमकं बांधून ठेवतात; दुसरी रचना शक्यच नाही. बाजू ४ असेल तेव्हा मात्र एक, फक्त एक, दुसरी रचना असते. ती म्हणजे श्रीखंडे ग्राफ. प्रमेयाच्या वाटेत आलेला हा एकुलता एक अपवाद. तो 'किरकोळ' म्हणून तळटीपेत न ढकलता त्यांनी तो शोधून, पूर्ण बांधून, त्याच्यावाचून तिसरा नाही हे सिद्ध करून दाखवला. मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

ते १९५९ साल विलक्षण होतं. ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. एप्रिलमध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ऑयलरचं जवळजवळ १८० वर्षांचं अनुमान मोडीत काढलं आणि २६ एप्रिलला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ती बातमी झळकली. ऑयलरने १७८२मध्ये ३६ लष्करी अधिकाऱ्यांचं कोडं घातलं होतं: ६ पलटणी, ६ हुद्दे, ६ × ६ चा चौक, आणि कुठल्याही ओळीत पलटण किंवा हुद्दा दोनदा येता कामा नये. हे जमत नाही असा त्याचा अंदाज होता, आणि १०, १४, १८ अशा बाजूंच्या चौकांतही जमणार नाही असं त्याने म्हटलं. ६च्या बाबतीत तो बरोबर निघाला. गास्तों तारी यांनी १९००च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून ते दाखवलं. पण १०पासून पुढे सगळीकडे जमतं, हे या तिघांनी सिद्ध केलं. गणिताच्या जगात 'ऑयलरला खोटं पाडणारे' म्हणूनच ते ओळखले जाऊ लागले.

लोक ही दोन कामं वेगळी धरतात. माझ्या मते ती सख्खी भावंडं आहेत, आणि ते कागदावर दाखवता येतं. १२३४, २३४१, ३४१२, ४१२३ अशा चार ओळी एकाखाली एक लिहा. आता त्यातली चार घरं अशी निवडून पाहा की कुठल्याही दोघांची ओळ, स्तंभ किंवा अंक सारखा नसेल. कितीही वेळ बसलात तरी जमणार नाही. आता दुसरा चौक घ्या: १२३४, २१४३, ३४१२, ४३२१. इथे पहिल्या ओळीतला १, दुसरीतला ४, तिसरीतला २ आणि चौथीतला ३ चटकन निवडता येतात. दोन्ही चौकांत ज्या दोन घरांची ओळ, स्तंभ आणि अंक तिन्ही वेगळे आहेत ती रेघेने जोडा. दुसऱ्या चौकातून हत्तीचं जाळं मिळतं. पहिल्यातून मिळतो श्रीखंडे ग्राफ. पहिल्या चौकात चार घरं निवडता येत नाहीत, ही ऑयलरला माहीत असलेली अडचण; तिचंच ग्राफमधलं रूप असं की श्रीखंडे ग्राफमध्ये कुठलेही चार बिंदू परस्परांचे सोबती नसतात. हत्तीच्या जाळ्यात मात्र प्रत्येक ओळ म्हणजे परस्परांचे सोबती असलेली चौकडीच.

दोन्ही जाळी किती सारखी आहेत हे मोजून पाहिल्याशिवाय यातली गंमत कळत नाही. बिंदू १६, रेघा ४८, दोन्हीकडे. सामाईक सोबती दोन्हीकडे २. त्रिकोण दोन्हीकडे ३२. प्रत्येक बिंदूभोवती ६ त्रिकोण, दोन्हीकडे. जाळ्याची सारणी मांडून तिची आयगेन मूल्यं काढली तर दोन्हीकडे ६, २ आणि उणे २, आणि तीही सारख्याच वेळा. सोबत्यांना वेगवेगळे रंग द्यायचे तर दोन्हींना किमान ४ रंग लागतात. मोजणारा माणूस इथपर्यंत आला की बहुधा 'एकच आहेत' असा शेरा मारून मोकळा होतो.

फरक कळतो तो एका बिंदूपाशी थांबून त्याच्या सोबत्यांकडे पाहिलं की. ते सहा जण आपसांत कसे जोडले आहेत? हत्तीच्या जाळ्यात ते तिघातिघांच्या दोन टोळ्या करतात, ओळीतले तीन आणि स्तंभातले तीन, आणि एका टोळीतून दुसरीत रेघ नाही. श्रीखंडे ग्राफमध्ये ते सहा जण हातात हात घालून एक कडं करतात. एकापासून निघालं की सहाव्यानंतर पहिल्यावर परत. बिंदूभोवती कडं असणं याचा अर्थ तो बिंदू एखाद्या पृष्ठभागावर नीट बसलेला आहे. सगळ्याच बिंदूंभोवती कडी असतील तर ३२ त्रिकोण जुळून एक अखंड पृष्ठभाग तयार होतो. कुठला? ऑयलरनेच शिकवलेला हिशेब करा: बिंदू १६, वजा रेघा ४८, अधिक त्रिकोण ३२, उत्तर शून्य. शून्य येणारा आणि दोन बाजू असलेला बंद पृष्ठभाग एकच: टोरस, म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबचा आकार. भिलाईत पॉवर हाऊसच्या बाजारात पंक्चरवाल्याकडे जी टांगलेली असते ती.

जोडणीच्या प्रश्नातून आकार उभा करायचा आणि आकाराला किती भोकं आहेत यावरून मूळ प्रश्न सोडवायचा, या विद्येला टोपॉलॉजिकल कॉम्बिनेटरिक्स म्हणतात. तिचा खरा दबदबा सुरू झाला तो १९७८मध्ये. मार्टिन क्नेसर यांनी १९५५मध्ये विचारलेला, निव्वळ संच आणि रंगांचा वाटणारा प्रश्न हंगेरीच्या लास्लो लोवास यांनी बोरसुक-उलाम प्रमेय वापरून सोडवला. हे प्रमेय सांगतं की पृथ्वीवर अगदी विरुद्ध टोकांना अशी दोन ठिकाणं कधीही सापडतात जिथे तापमान आणि हवेचा दाब दोन्ही एकसारखे असतात. सलग पृष्ठभागाविषयीचं विधान सुट्या बिंदूंच्या मोजणीत कामाला येतं, हे पाहून तेव्हा पुष्कळ गणिती चकित झाले. श्रीखंडे ग्राफवर ही पद्धत लावून पाहिली तर निकाल लख्ख लागतो. तीन बिंदू परस्परांचे सोबती असतील तिथे त्रिकोणाची चकती बसवा, चार असतील तिथे त्रिकोणी पायाचा भरीव सुळका बसवा. श्रीखंडे ग्राफमधून ट्यूब मिळते, जिच्यावर एकमेकींपासून स्वतंत्र फेरे फक्त २: एक लांबीच्या अंगाने, एक जाडीच्या. हत्तीच्या जाळ्यातून ८ सुळके टोकाटोकाला अडकलेले मिळतात आणि त्यांच्यातून स्वतंत्र फेरे निघतात ९. सगळे आकडे जुळूनही २ आणि ९.

हा आकार हाताला कळण्यासारखा आहे, आणि इथे मला सहायक साधनांविषयी थोडं थांबून लिहायचं आहे. अंध विद्यार्थ्याला ग्राफ शिकवताना कागदावर उठावाच्या रेघा काढून देतात. एका रेघेवरून बोट सरकवत जायचं. पण दोन रेघा मध्येच एकमेकींना छेदतात तिथे बोट अडखळतं: हा बिंदू आहे की नुसती छेदलेली जागा? डोळ्यांना रंगावरून कळतं, बोटाला कळत नाही. आणि १६ बिंदूंच्या जाळ्यात रेघा एकमेकींना न छेदता सपाट कागदावर काढायच्या तर जास्तीत जास्त ४२ मावतात, हा सिद्ध झालेला नियम आहे. आपल्याकडे ४८ आहेत. म्हणजे कितीही हुशार चित्रकार आणला तरी कागदावर छेद टळणार नाहीत. ट्यूबवर मात्र एकही छेद पडत नाही.

स्कूटरची जुनी ट्यूब घ्यावी, सायकलची फार सडपातळ असते आणि त्रिकोण लांबट होतात. आधी हवा भरून घ्यावी. सुतळी चिकटवून मग हवा भरली तर ती ताणून सुटते. जाडीभोवती सारख्या अंतरावर ४ कडी, लांबीच्या अंगाने ४ वेढे. जिथे ते भेटतात त्या १६ जागांवर मणी. आता १६ चौकोन झाले; प्रत्येकात एक तिरपी सुतळी, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. एकही उलटी कलली तर दोन मण्यांना ५ आणि दोघांना ७ सोबती होतात आणि बोट ते लगेच ओळखतं. व्हॉल्व्ह आपोआप खूण होऊन बसतो: कुठून निघालो ते विसरायला होत नाही. कुठल्याही मण्यावर अंगठा ठेवून दुसऱ्या हाताची बोटं भोवती फिरवली की सहा मण्यांचं कडं पूर्ण होतं. डोळस मुलगी हीच गोष्ट कागदावर पाहते तेव्हा तिला रेघांचा गुंता दिसतो. ट्यूब हातात घेणारीला कडं आधी कळतं. गणितात हे नवं नाही. लहानपणीच दृष्टी गेलेले फ्रेंच गणिती बर्नार मोरँ यांनी १९६०च्या दशकात गोल आतून बाहेर उलटवण्याच्या मधल्या अवस्था मातीच्या नमुन्यांतून घडवून दाखवल्या, आणि चौदाव्या वर्षी अंध झालेले पोन्त्र्यागिन हे रशियन टोपॉलॉजीचे आधारस्तंभ होते.

आज श्रीखंडे ग्राफ नव्या ठिकाणी कामाला लागला आहे. दोन जाळी एकच आहेत का हे तपासण्याची एक झटपट रीत बोरिस वाइसफाइलर आणि आंद्रेई लेमान यांनी १९६८मध्ये दिली. रेणूंचे गुणधर्म ओळखणारी आजकालची ग्राफ न्यूरल नेटवर्क्स बहुतांशी तिच्याच ताकदीची असतात. त्यांच्यापुढे हत्तीचं जाळं आणि श्रीखंडे ग्राफ ठेवले की ती दोन्हींना एकच उत्तर देतात. बिंदूऐवजी बिंदूंच्या जोड्या तपासणारी त्या रीतीची पुढची पायरीसुद्धा इथे हरते. म्हणून नवी पद्धत मांडणारा संशोधक ही जोडी चाचणीला लावतो. असं यंत्र औषधाचा रेणू निवडणार असेल किंवा विजेच्या जाळ्यातला धोका सांगणार असेल, तर ही चाचणी टाळणं हा मला नुसता आळस वाटत नाही. जबाबदारी झटकणं वाटतं.

भिलाईला हे समजावून सांगावं लागू नये. आमच्या रेल मिलमधून बाहेर पडणाऱ्या दोन रुळांची लांबी, वजन, आडवा छेद सगळं जुळलं तरी त्यांना पास म्हणत नाहीत. ध्वनितरंग आत सोडून पाहतात. वितळलेल्या पोलादात राहिलेला हायड्रोजन थंड होताना आत केसासारखे तडे पाडू शकतो, म्हणून तो निर्वातात काढून टाकतात आणि रेल्वेने त्याची मर्यादा दहा लाखांत १.६ भाग अशी ठरवली आहे. २६ नोव्हेंबर १९९८ला पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे गाडी घसरली, तिच्यावर दुसरी गाडी आदळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. बाहेरून मोजून 'सारखे' ठरलेल्या दोन वस्तूंतला फरक किती महाग पडतो, हे रूळ बनवणाऱ्या गावाला माहीत आहे.

तरी इमारतींच्या बाबतीत आपण नुसत्या मोजणीवर समाधान मानतो. २०१५च्या डिसेंबरात सुगम्य भारत अभियान सुरू झालं, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला, आणि तपासणीचे तक्ते आले. रॅम्प आहे का, उतार १:१२ आहे का, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह आहे का, उठावाच्या फरशा आहेत का. मी एक सरकारी इमारत पाहिली आहे जिथे प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती आणि रॅम्प संपतो आणि लिफ्ट सुरू होते त्यांच्यामध्ये दोन पायऱ्या होत्या. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ती इमारत दोन सुट्या तुकड्यांची आहे. तक्त्याने बिंदू मोजले. कुठला बिंदू कुठल्याला जोडलेला आहे हे विचारणारा रकानाच त्यात नव्हता. तो रकाना घालायला एका ओळीची जागा लागते: फाटकापासून खिडकीपर्यंत चाकावर बसून एकदा जाऊन आलात का?

श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले, तिथलं प्रगत अभ्यास केंद्र त्यांनी उभं केलं, १९७८मध्ये निवृत्त झाले आणि २१ एप्रिल २०२०ला वयाच्या १०३व्या वर्षी विजयवाड्यात गेले. त्यांचा प्रश्न पुढे चालत राहिला. २८ बिंदूंच्या एका अशाच मापात चांग ली-चिएन यांना मूळ रचनेखेरीज आणखी तीन सापडल्या. आणि ऑयलरच्या ३६ घरांच्या चौकांत ओळ, स्तंभ किंवा अंक सारखा असलेली घरं जोडून निघणारे ग्राफ ज्या मापात बसतात (३६ बिंदू, १५ सोबती, सामाईक सोबती सगळीकडे ६), त्या मापाच्या सगळ्या रचना ब्रेंडन मॅके आणि एडवर्ड स्पेन्स यांनी २००१मध्ये संगणकावर मोजल्या. त्या ३२,५४८ भरल्या.